चाँदची तारीख बघा, मग सायकल काढा

मी सातवी-आठवीला शिकवते. नव्या वर्गाला मी दरवर्षी विचारते, “सायकल कोणाला येते?” जवळजवळ सगळे हात वर जातात. मग विचारते, “गेल्या महिन्यात कोणी चालवली?” मुलांचे हात वरच राहतात, मुलींचे एकेक करून खाली येतात.

कारण विचारले तर घरात कोणी मनाई केलेली नसते. रस्त्यावर ट्रक आणि रिक्षा असतात, अम्मीला धास्ती वाटते, दुपट्टा चेनमध्ये अडकतो, चौकात बसलेली मुले बघतात. सहा महिने सायकल भिंतीला टेकून राहते आणि मग धाकट्या भावाकडे जाते. असे घर सुट्टीला समुद्रावर जाते, तेव्हा मुलीला ती सायकल परत देण्याची चांगली संधी असते. रस्ता मात्र नीट निवडावा लागतो. पहिल्याच दिवशी चढावर दमछाक झाली किंवा मागून डंपर आला, तर ती पुन्हा सायकलला हात लावायला कचरते.

आमच्या घरात नियम असा की रस्ता सर्वांत कमजोर स्वाराच्या हिशेबाने ठरवायचा. आठ वर्षांचा मुलगा किंवा वीस वर्षांनी सायकलवर बसणारी आई जिथून हसत परत येईल, तोच चांगला रस्ता. रायगड जिल्ह्यातील श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात असे रस्ते आहेत.

पहिली सवारी पुळणीवर

दिवेआगरची पुळण चार-पाच किलोमीटर लांब आणि सपाट आहे. ओहोटीला ओली वाळू इतकी घट्ट होते की साधी सायकलही चाक न रुतता चालते. पडले तरी वाळूतच पडायचे. शिकणाऱ्यासाठी याहून चांगली जागा नाही, पण ओहोटीची वेळ ठाऊक हवी.

समुद्राचे घड्याळ चंद्रावर चालते आणि चंद्राची तारीख आपल्या घरातल्या कॅलेंडरवर असते. कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चौथी तिथी असेल तर तीन वाजता भरती. चाँदची तारीख तिथीच्या साधारण एकाने मागे असते. म्हणून चाँदच्या तारखेत एक मिळवा, बेरीज पंधराच्या पुढे गेली तर पंधरा वजा करा आणि उरलेल्याची पाऊणपट करा. त्या वेळेच्या सव्वासहा तास आधी आणि तितकेच नंतर ओहोटी.

उदाहरणार्थ, चाँदची 17 तारीख. एक मिळवून 18, पंधरा वजा करून 3, पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनला भरती आणि सकाळी आठच्या सुमारास ओहोटी. फजरनंतर चहा घेऊन निघालात की पुळण तुमचीच. या हिशेबाने सकाळच्या सवारीसाठी चाँदच्या 1 ते 3 आणि 16 ते 18 या तारखा उत्तम. 13-14 ला ओहोटी संध्याकाळी येते, तेव्हा असर झाल्यावर निघून मगरिबच्या आत परतता येते. 8-9 तारखेला मात्र ओहोटी भर दुपारी असते. त्या दिवशी पुळणीचा नाद सोडून द्यावा.

हा अंदाज आहे, तास-पाऊण तास इकडेतिकडे होतो. निघण्याआधी भरती-ओहोटीचे छापील वेळापत्रक बघा किंवा एखाद्या मच्छिमाराला विचारा. सवारी ओहोटीच्या आधी दीड तास ते नंतर एक तास एवढ्यातच आटपावी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी जितके लांब जाते तितकेच वर येते. खाडीच्या तोंडाजवळची वाळू भुसभुशीत असते, तिकडे जाऊ नये. कोरड्या वाळूतही सायकल घालू नये. एक तर चाक रुतते आणि दुसरे म्हणजे या किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे भरतीच्या रेषेच्या वर अंडी घालतात.

दुसरी सवारी वाड्यांतून

ऊन चढले की दिवेआगरच्या आतल्या वाटा बऱ्या. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचे गडगे आणि डोक्यावर सावली. वाट अरुंद असल्याने गाड्या सावकाश जातात. इथे घंटी वाजवणे, डाव्या बाजूने चालणे, हात दाखवून वळणे या सवयी लावून घ्याव्यात. कुणाच्या अंगणात सुपारी वाळत असेल तर उतरून चालावे. चांगली वाट विचारायची असेल तर शाळेत सायकलवर जाणाऱ्या मुलांना विचारा. मोठी माणसे गाडीचा रस्ता सांगतात. चढ कुठे आहे आणि कुत्री कुठे आहेत, हे मुलांना पाठ असते.

तिसरी सवारी समुद्राच्या कडेने

दिवेआगरहून भरडखोल, शेखाडी, कोंडविल, आरावी, वाळवटी असा श्रीवर्धनला जाणारा रस्ता बराचसा समुद्राला लागून जातो. अंतर वीस-बावीस किलोमीटर आहे आणि मध्ये चढउतार आहेत, म्हणून लहान मुलांना घेऊन तो पूर्ण करण्याचा हट्ट नको. मुक्काम श्रीवर्धनला असेल तर तिथून आरावीपर्यंत जाऊन परतणेही पुरेसे आहे. मोठ्यांपैकी एकाने गाडी घेऊन पुढच्या गावात थांबावे. जो थकेल तो गाडीत बसेल, बाकीचे पुढे जातील. त्यात कुणाला कमीपणा वाटू देऊ नये.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. आपण डावीकडून चालतो. त्यामुळे दक्षिणेला, म्हणजे श्रीवर्धनकडे जाताना समुद्र रस्त्यापलीकडे राहतो आणि उत्तरेला जाताना आपण समुद्राच्या कडेवर असतो. कच्च्या स्वारासाठी श्रीवर्धनकडे जाणे जास्त सुरक्षित. दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात सकाळी वारा मंद असतो, दुपारनंतर वायव्येकडून जोर धरतो. म्हणून उत्तरेला जायचे ते सकाळी. दुपारी परतताना वारा पाठीवर मिळतो.

फेरीबोटीपलीकडे

मुले मोठी असतील तर एक दिवस मुरूडसाठी ठेवा. दिघीहून आगरदांड्याला फेरीबोट जाते, तिच्यात गाड्यांबरोबर सायकलीही चढतात. दिघीपर्यंतचा रस्ता चढाचा आहे, तिथवर सायकली गाडीवरच बांधून न्याव्यात. पलीकडे राजपुरीजवळच्या खोकरी गावात जंजिऱ्याच्या सिद्दींचे दगडी मकबरे आहेत. त्यांतला सर्वांत मोठा सिद्दी सिरूल खानाचा. जंजिऱ्याला गर्दी जाते, इथे शांतता असते. इतिहासाच्या पुस्तकात सिद्दी हा शब्द वाचलेल्या मुलांना घुमटाखाली उभे करून बघा, किती प्रश्न येतात ते. शेवटची फेरीबोट किती वाजता आहे, हे जातानाच विचारून ठेवावे.

कपडे आणि सायकल

मुलींनी आणि आयांनी आडवी दांडी नसलेली, पूर्ण चेनकव्हर असलेली सायकल घ्यावी. मागच्या चाकाला जाळी असेल तर बुरख्याचा किंवा दुपट्ट्याचा घोळ तारांत जात नाही. सलवारच्या मोरीला रबर लावावे, स्कार्फ मागे बांधून पिन करावा, लांब घोळाला पुढून गाठ मारावी. नखशिखान्त झाकूनही सायकल उत्तम चालते, लोंबते टोक तेवढे नको.

भाड्याची सायकल मिळेल का, हे मुक्कामाच्या घरी आधी फोन करून विचारा. हातात आली की आधी ब्रेक दाबून बघा, मग सीट मुलाच्या उंचीला लावा. पाणी, केळी, खजूर आणि पंक्चरचे सामान सोबत असू द्या. पुळणीवरून आल्यावर सायकल गोड्या पाण्याने धुऊन, पुसून चेनला तेल द्यावे. खारे पाणी लोखंड फार लवकर खाते.

शेवटच्या दिवशीचा रस्ता मुलीला ठरवू द्या. चाँदची तारीख तिने बघावी, हिशेब तिने करावा, वाट तिने विचारावी आणि सर्वांत पुढे तिने चालावे. अब्बांनी मागे राहावे. घरी परतल्यावर येणाऱ्या पहिल्याच रविवारी, रस्ते मोकळे असताना, तिला घेऊन मोहल्ल्याबाहेर एक फेरी मारून या. सायकल पुन्हा भिंतीला टेकण्याआधी ही फेरी व्हायला हवी.