बीव्हरचा बांध, गावाला आधार

सुमारे चारशे वर्षांपूर्वी शिकारीपायी ब्रिटनमधून संपलेला बीव्हर डेव्हनमधल्या ऑटर नदीत परतला, आणि २०१५ ते २०२० या काळात एक्सेटर विद्यापीठाच्या संशोधकांनी त्याचं काम मोजून पाहिलं. फांद्या, चिखल, दगड रचून तो बांध घालतो. पाणी त्यातून झिरपत, अडखळत उतरतं, म्हणून पुराची भीती असलेल्या ईस्ट बडली गावाशी पोहोचेपर्यंत लोंढ्याचा जोर ओसरलेला असतो. वरच्या शेतात मात्र पाणी साचतं, ही शेतकऱ्यांची तक्रार खरीच आहे. नुकसान एकाचं आणि लाभ अख्ख्या गावाचा, तेव्हा भरपाई सरकारी तिजोरीतूनच मिळायला हवी. बाकी उपाय साधे आहेत: बांधातून पाइप घातला की तळ्याची पातळी उतरते, आणि बुंध्याला तारेची जाळी गुंडाळली की बीव्हरचे नारिंगी दात सालीपर्यंत पोहोचत नाहीत.