दूताचे अभय ही अमानत आहे

नववीच्या वर्गात परराष्ट्र धोरणाचा धडा चालू होता. एका मुलाने विचारले, "मॅडम, परदेशी वकिलातीतल्या साहेबाने गुन्हा केला तरी पोलीस त्याला धरत नाहीत, खरं का?" त्याने मोबाईलवर 'लीथल वेपन 2' हा 1989 चा इंग्रजी चित्रपट पाहिला होता. त्यातला दक्षिण आफ्रिकेच्या वकिलातीचा अधिकारी राजनैतिक संरक्षणाची ढाल पुढे करून खुशाल तस्करी करतो. शेवटी नायक त्याला गोळी घालतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतात.

मी म्हणाले, "अर्धं खरं आहे." उरलेले अर्धे समजावून सांगायला पूर्ण तास लागला.

हे अभय आले कुठून?

दूताला हात लावू नये, ही रीत फार जुनी आहे. कुरैशांचे दूत म्हणून मदीनेत आलेले अबू राफे यांनी परत न जाण्याची इच्छा व्यक्त केली. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना थांबवून घेतले नाही, दूताला अडवून ठेवणे म्हणजे कराराचा भंग, असे सांगून परत पाठवले. हुदैबियाच्या वेळी दूत म्हणून मक्केला गेलेले हजरत उस्मान (रजि.) मारले गेल्याची अफवा उठली, तेव्हा सहाबांनी झाडाखाली प्राणांची शपथ घेतली. दूताच्या जिवाची किंमत एवढी मोठी होती.

आजचा नियम 1961 च्या व्हिएन्ना कराराचा आहे. भारताने त्यासाठी 1972 मध्ये कायदा केला. दूताला अटक करता येत नाही, फौजदारी खटला चालवता येत नाही. मात्र ज्या देशात तो राहतो तिथले कायदे पाळणे त्याच्यावर बंधनकारक आहे, हेही त्याच करारात लिहिले आहे. वाणिज्य दूतांसाठी 1963 चा वेगळा करार आहे. त्यांना संरक्षण मिळते ते मुख्यतः कार्यालयीन कामापुरतेच.

घरकाम करणाऱ्या बाईचे काय?

हा फरक आपल्याला कळला तो मुंबईत वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या देवयानी खोब्रागडे यांच्या प्रकरणात. 12 डिसेंबर 2013 रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांना अटक झाली. त्या तेव्हा भारताच्या उपमहावाणिज्यदूत होत्या. घरकामासाठी नेलेल्या भारतीय महिलेचा पगार व्हिसाच्या कागदावर एक आणि प्रत्यक्षात त्याहून बराच कमी, असा आरोप होता. त्यांनी तो नाकारला. त्यांची अंगझडती घेतल्याने देश संतापला. दिल्लीतील अमेरिकी दूतावासासमोरचे अडथळे हटवले गेले. जानेवारी 2014 मध्ये संयुक्त राष्ट्रांतील नेमणुकीमुळे त्यांना पूर्ण संरक्षण मिळाले आणि त्या भारतात परतल्या. मार्चमध्ये न्यायालयाने खटला रद्द केला, पण दोनच दिवसांत नवे आरोपपत्र आले. अंगझडतीचा संताप रास्तच होता. पण त्या गदारोळात कामवाल्या महिलेच्या पगाराचा प्रश्न किती जणांनी विचारला?

सप्टेंबर 2015 मध्ये गुरगावात सौदी दूतावासातील एका अधिकाऱ्याच्या घरातून दोन नेपाळी महिलांची सुटका झाली. त्यांनी बलात्कार आणि मारहाणीची तक्रार केली. दूतावासाने आरोप नाकारले. संरक्षणामुळे अटक झाली नाही आणि तो अधिकारी देश सोडून गेला. आरोपी आपल्या धर्माचा म्हणून आपण गप्प बसायचे का? मजुराला मजुरी वेळेवर देण्याची ताकीद तर आपल्यालाच आहे.

वाट बंद नाही

हे संरक्षण व्यक्तीचे नसते, तिला पाठवणाऱ्या देशाचे असते. तो देश ते काढून घेऊ शकतो. 1997 मध्ये वॉशिंग्टनमध्ये जॉर्जियाच्या एका अधिकाऱ्याने दारूच्या नशेत गाडी चालवून 16 वर्षांच्या मुलीचा जीव घेतला. जॉर्जियाने त्याचे संरक्षण काढले आणि त्याला तुरुंगवास झाला. यजमान देश अशा अधिकाऱ्याला 'नको असलेली व्यक्ती' ठरवून परत पाठवू शकतो. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 जुलै 2022 रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी आणखी एक दार उघडले: घरकामगाराला गुलामासारखे राबवून फायदा उपटणे हा व्यापारी व्यवहार ठरतो, आणि त्याच्या भरपाईच्या दाव्यात राजनैतिक संरक्षण चालत नाही.

तास संपताना मी त्या मुलाला विचारले, "मॉनिटरला वर्गात फिरायची परवानगी कशासाठी असते?" तो म्हणाला, "वह्या गोळा करायला." "आणि त्याने त्या परवानगीवर दुसऱ्याचा डबा खाल्ला तर?" मुले एका सुरात म्हणाली, "मग त्याला काढायचा!" दूताचे अभयही असेच, कामासाठी सोपवलेली अमानत. तिच्यात खयानत झाली, तर ती काढून घेण्याची हिंमत पाठवणाऱ्याने दाखवायला हवी.