कल्पनेतल्या राजधान्या : मिनास तिरिथ

गेल्या आठवड्यात आपण टॉमस मोरच्या ‘युटोपिया’तली अमॉरोट पाहिली. तिथे सगळंच आखीवरेखीव, घरं एकसारखी. जे. आर. आर. टॉल्किनचं मिनास तिरिथ याच्या अगदी उलट. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा खंड १९५५ साली आला आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात गाँडोर राज्याची ही राजधानी पहाटेच्या उन्हात समोर येते. तिचं देखणेपण वाचकाला भारून टाकतं. पण ती समजून घ्यायची तर एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी लागते : हे शहर राजधानी म्हणून बांधलेलंच नव्हतं.

गाँडोरची मूळ राजधानी ऑसगिलिअथ, आंदुइन नदीच्या दोन्ही काठांवर वसलेली. तिच्या पूर्वेला मिनास इथिल आणि पश्चिमेला मिनास आनोर असे दोन गड. पश्चिमेचा गड राज्याचा संस्थापक एलेंडिल याच्या धाकट्या मुलाचा, आनारिओनचा. तिसऱ्या युगाच्या १४३७ साली भाऊबंदकीच्या युद्धात ऑसगिलिअथ जळलं, १६३६च्या महामारीत माणसं मेली, उरलेली पांगली. १६४० साली राजा टारोंडोरने गादी मिनास आनोरला हलवली. २००२मध्ये पूर्वेचा गड शत्रूच्या हाती पडला आणि उरलेल्या गडाला मिनास तिरिथ हे नाव मिळालं. राजधानी अशी हळूहळू, एकेक नुकसान सोसत गडावर चढली.

तिची बांधणीही गडाचीच. मिंडॉलुइन पर्वताच्या पुढे आलेल्या टेकडीवर एकावर एक सात टप्पे, प्रत्येकाला तट, प्रत्येक तटाला दरवाजा. महादरवाजा पूर्वेला, त्यावरचा दुसरा आग्नेयेकडे, तिसरा ईशान्येकडे, आणि असंच आलटूनपालटून वरपर्यंत. आपल्याकडचे गोमुखी दरवाजे चढून गेलेल्याला ही युक्ती सांगावी लागणार नाही. शत्रूला सरळ वाट द्यायचीच नाही. शिवाय कड्याची एक प्रचंड सोंड जहाजाच्या नाळेसारखी पूर्वेकडे निघालेली आहे. पहिला टप्पा सोडला तर बाकीचे टप्पे ती दुभंगते आणि रस्ता दर वेळी तिच्यातल्या बोगद्यातून जातो. सोंडेच्या टोकावरून खाली पाहिलं की ७०० फुटांवर महादरवाजा. बालेकिल्ल्यात एक्थेलिअनचा शुभ्र मनोरा, ३०० फूट उंच.

सात तटांची राजधानी हिरोडोटसनेही वर्णिली आहे : मीडियाच्या राजाचं एक्बाताना. तिथल्या तटांना सात निरनिराळे रंग, अगदी आतले दोन चांदीचे आणि सोन्याचे. टॉल्किनने असली श्रीमंती टाळली. सर्वांत बाहेरचा तट काळसर, गुळगुळीत, लोखंडाला आणि आगीला दाद न देणारा. वरचे तट पांढरे.

पण मला या शहराचा खरा इतिहास दरबारात सापडतो. काळ्या संगमरवराचे खांब, मधे मृत राजांचे दगडी पुतळे, कुठेही पडदा नाही, लाकूडकाम नाही. उंच चौथऱ्यावर सिंहासन, त्यावर मुकुट घातलेल्या शिरस्त्राणाच्या आकाराचं छत. हे सिंहासन रिकामं. सर्वांत खालच्या पायरीवर काळ्या दगडाची साधी खुर्ची, तिच्यावर कारभारी डेनेथॉर. राजा एअर्नुर २०५० साली शत्रूचं आव्हान स्वीकारून गेला तो परतलाच नाही. त्यानंतर २६ कारभाऱ्यांनी ९६९ वर्षं राज्य केलं आणि एकही त्या पायऱ्या चढला नाही. ही निष्ठा आहे आणि गोठलेपणही. एका पत्रात टॉल्किनने गाँडोरच्या लोकांची तुलना प्राचीन इजिप्शियनांशी केली आहे : भव्य बांधकामांची हौस, पूर्वजांची आणि थडग्यांची ओढ. म्हणूनच या शहरात मेलेल्यांसाठी एक अख्खी गल्ली आहे आणि जिवंतांची घरं मात्र ओस पडली आहेत. हॉबिट पिपिन आणि जादूगार गँडाल्फ वर चढताना मोठाले वाडे लागतात. दारांवर घराण्यांची नावं कोरलेली, आत पावलाचा आवाज नाही. शहरात जितके लोक सुखाने राहिले असते त्यांतले निम्मे तिथे नव्हतेच. ३०१९च्या वेढ्यात ग्राँड नावाच्या ओंडक्याने महादरवाजा फोडला खरा, पण त्याच्या कितीतरी आधीपासून शहर आतून रितं होत आलं होतं.

वेढा उठून राजघराण्याचा वारस आरागॉर्न गादीवर आल्यावर ड्वार्फ कारागिरांनी मिथ्रिल आणि पोलादाचे नवे दरवाजे घडवले, रस्त्यांवर पांढरा संगमरवर अंथरला गेला, झाडं लागली, कारंजी आली. घरं पुन्हा भरली, त्यांत मुलं हसू लागली. राजाची राजधानी म्हणून हे शहर वाचकाला तेव्हा पहिल्यांदा नांदतं दिसतं.