चावीवाल्याचे शिक्षण



आरे आणि बोरिवलीच्या पाड्यांवरील मुले कोणकोणती कामे शिकतात हे सांगताना मी कुलूप-चावीच्या कामाचा उल्लेख केला, तेव्हा उपासनेनंतर काही सभासदांनी मला बाजूला घेऊन विचारले, "शिवण, वायरिंग, नळकाम समजलं. पण गरीब पोराला दुसऱ्याचं कुलूप उघडायला शिकवायचं, हे जोखमीचं नाही का?"

प्रश्न रास्त आहे. जोखीम आहे, आणि तिच्यामुळेच हे काम नीट शिकवावे लागते. ते कसे, हे या लेखात सांगतो.

काम आहे का?

उपनगरात राहणाऱ्याला हे सांगायला नको. दार वाऱ्याने आपटते, लॅच लागते, चावी आत राहते. गॅसवर दूध असते, किंवा दोन वर्षांचे मूल आत रडत असते. पावसाळ्यात दुकानाच्या शटरचे कुलूप गंजून चावी फिरेनाशी होते. भाडेकरू बदलला की नवा माणूस कुलूप बदलून मागतो. लोखंडी कपाटाची एकुलती एक चावी लोकलमध्ये पडते. अशा वेळी आपण स्टेशनबाहेर लाकडी पेटी आणि कोऱ्या चाव्यांचा जुडगा घेऊन बसलेल्या माणसाला शोधतो. त्याला काय येते आणि तो ते कुठे शिकला, हे मात्र आपण कधी विचारत नाही.

आपल्या शहराचे कुलपाशी जुने नाते आहे. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपे बनवायला सुरुवात केली. पुढे या उद्योगाची मोठी वसाहत घाटकोपरला लागूनच, विक्रोळीत उभी राहिली. देशात अलीगढ कुलपांचे शहर म्हणून ओळखले जाते, तर तमिळनाडूतील दिंडीगलच्या कुलपांना २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. कुलूप बनवणे हा कारखान्याचा उद्योग झाला, पण ते उघडणे, दुरुस्त करणे आणि त्याची चावी घडवणे अजूनही एकट्या माणसाच्या हातावर चालते.

कुलपाच्या आत काय असते?

आपल्याकडच्या बहुतेक कुलपांचे दोन प्रकार. पहिला लिव्हरचा. आत एकावर एक पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येक पट्टीत एक खाच असते. योग्य चावी प्रत्येक पट्टी नेमकी हवी तेवढीच उचलते. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या की बोल्ट सरकतो. एक पट्टी केसभर कमी किंवा जास्त उचलली गेली, तरी कुलूप हलत नाही. दुसरा प्रकार पिनांचा, म्हणजे फ्लॅटच्या लॅचमधला सिलिंडर. त्यात स्प्रिंगवर बसवलेल्या छोट्या पिनांच्या जोड्या असतात. चावीच्या चढउतारांमुळे सगळ्या जोड्यांचे सांधे एका पातळीवर आले, तरच सिलिंडर फिरतो. हे पिनांचे कुलूप अमेरिकेत लायनस येल यांनी १८६०च्या दशकात आजच्या रूपात आणले, पण त्यामागची कल्पना हजारो वर्षे जुनी आहे. प्राचीन मिसर आणि मेसोपोटेमियात लाकडी पिनांची कुलपे होती आणि त्यांच्या चाव्याही लाकडी, चांगल्या लांबलचक असत. यशयाच्या २२व्या अध्यायात एल्याकीमच्या खांद्यावर किल्ली ठेवण्याची गोष्ट येते, ती या संदर्भात वाचली की चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. त्याच अध्यायात शेबना नावाच्या कारभाऱ्याचे पद आधी काढून घेतले जाते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. किल्ली ही विश्वासाने सोपवायची वस्तू होती, तशी ती आजही आहे.

हात कसा तयार होतो?

मुलगा दहावी पास असेल तर आम्ही त्याला आधी आयटीआयचा रस्ता दाखवतो. मुलुंड आणि बोरिवलीला सरकारी आयटीआय आहेत. फिटर हा दोन वर्षांचा ट्रेड कुलूपकामाला सर्वांत जवळचा. तिथे कानस सरळ चालवणे, शेगड्यात धातू धरणे, व्हर्निअरने माप घेणे, ड्रिल मारणे हे पक्के होते. अनुसूचित जमातीसाठी तिथे राखीव जागा असतात, पण जातीचा दाखला वेळेत हातात हवा. शाळा मध्येच सुटलेल्या मुलाला मात्र थेट उस्तादाकडेच बसावे लागते.

उस्तादाकडचे पहिले काही महिने कंटाळवाणे असतात. मुलगा कोऱ्या चाव्या ओळखून वेगवेगळ्या ठेवतो. मूळ चावी आणि कोरी चावी शेजारी शेजारी धरून कानशीने तशीच दुसरी घडवतो. मशीनवर हे काम मिनिटात होते, पण आधी हाताने जमायला हवे, कारण झिजलेल्या चावीची मशीन हुबेहूब झिजलेलीच नक्कल काढते. झीज ओळखून मूळ माप काय असेल हे ठरवण्याचे काम डोळ्याचे आणि हाताचे. पुढे जुनी कुलपे खोलून, साफ करून, पुन्हा जोडायची. चावी नसलेल्या कुलपाची चावी घडवणे त्यानंतर येते. कोरी चावी आत घालून हलकेच फिरवायची, तिच्यावर उमटलेल्या बारीक खुणा उजेडात वाचायच्या, तेवढेच कानसायचे आणि पुन्हा घालून पाहायचे. यासाठी लागणारा धीर पुस्तकातून मिळत नाही. ज्या मुलांनी लहानपणापासून रानात बारीक पाऊलखुणा ओळखल्या आहेत त्यांना तो लवकर येतो, असे मला दिसले आहे. गाड्यांच्या चिप असलेल्या चाव्या आणि डिजिटल कुलपे हा त्याच्या पुढचा टप्पा. त्याला महागडी मशीन लागते, म्हणून त्याची घाई करू नये.

सरकारी मदत

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुलूप कारागिराचाही समावेश आहे, हे अनेकांना माहीत नाही. नोंदणी कॉमन सर्व्हिस सेंटरमध्ये आधार कार्डावर, विनामूल्य होते. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचे व्हाउचर, आणि तारणाशिवाय पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि त्याची परतफेड नीट झाल्यावर दोन लाखांपर्यंत कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो आणि वय १८ पूर्ण हवे.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यावी. ही योजना आधीच हाताने हा व्यवसाय करणाऱ्या कारागिरासाठी आहे. पाच दिवसांत कोणी चावीवाला होत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी उस्ताद, मग थोडेफार स्वतःचे काम, मग योजना.

कोणते कुलूप उघडायचे नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपल्या शहरांत चाव्या बनवणारी अनेक कुटुंबे शिकलगार समाजातील आहेत. हत्यारांना धार आणि चकाकी देणारा हा जुना कारागीर समाज. त्यांचा मुलगा बापाशेजारी बसून शिकतो. त्याला हुनर मिळते आणि त्यासोबत बापाची ओळखही मिळते. नाक्यावरचे दुकानदार, सोसायटीचा वॉचमन, चौकीतला हवालदार सगळे त्याला "अमक्याचा पोरगा" म्हणून ओळखतात. पाड्यावरून आलेल्या वारली मुलाच्या मागे असा कोणी नसतो.

याचा अर्थ काय होतो, हे महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ वरून समजते. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत घरफोडीची हत्यारे योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. रात्री अकराला ग्राहकाचे लॅच उघडून चालत परतणाऱ्या मुलाच्या पिशवीत नेमकी अशीच हत्यारे असतात. आमच्या एका मुलाला असेच रात्री अडवले गेले. उस्तादाने फोनवर "माझाच माणूस आहे" म्हटले आणि तासाभराने तो सुटला. फोन लागला नसता तर? इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याखाली पुढे पारध्यांसारख्या जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का बसला. तो कायदा १९५२ साली गेला, पण गरीब माणसाच्या पिशवीकडे पाहण्याची नजर अजून पुरती गेलेली नाही.

म्हणून आमच्या मुलांना कानस धरायला शिकवतानाच काही नियमही शिकवले जातात. उस्तादाच्या सहीशिक्क्याचे ओळखपत्र नेहमी जवळ असावे. प्रत्येक कामाची वहीत नोंद हवी: तारीख, वेळ, पत्ता, ग्राहकाचे नाव, सही. घराचे दार उघडण्याआधी आधार कार्ड किंवा विजेचे बिल पाहावे. कागद आतच असतील, तर शेजारी किंवा सोसायटीचा पदाधिकारी समोर उभा असावा आणि दार उघडताच कागद पाहावेत. घरमालक भाडेकरूचे कुलूप उघडायला सांगत असेल, नवरा-बायकोचा किंवा भावाभावांचा वाद असेल, तर हात जोडून नकार द्यावा आणि पोलिसांकडे जायला सांगावे. साबणावर किंवा मेणावर उमटवलेल्या ठशावरून चावी करून देऊ नये. आत कोणी अडकले असेल आणि दार लवकर उघडत नसेल, तर अग्निशमन दलाला १०१ वर फोन करावा. ग्राहकाच्या चावीची जादा प्रत स्वतःकडे कधीही ठेवू नये.

दुप्पट पैसे समोर असताना नकार देणे हा या शिक्षणातला सर्वांत अवघड धडा आहे. घरी चूल पेटायची असते. म्हणून शिकाऊ काळात मुलाच्या हातात थोडा नियमित भत्ता पडणे मला हत्याराइतकेच गरजेचे वाटते. उपाशी माणसाला प्रामाणिकपणाचे व्याख्यान देणे सोपे असते.

आपण काय करू शकतो?

आपल्या इमारतीजवळ बरीच वर्षे बसणारा भरवशाचा चावीवाला असेल, तर तो एखादा शिकाऊ मुलगा घेईल का, हे त्याला विचारा आणि आम्हाला कळवा. घरातली जुनी, बिघडलेली, चावी हरवलेली कुलपे भंगारात देऊ नका. शिकणाऱ्यांसाठी तीच पाठ्यपुस्तके आहेत. हार्डवेअरचे दुकान असलेल्या सभासदांनी दारापुढची चार फूट जागा आणि आपले नाव या मुलांच्या पाठीशी उभे करावे. आणि चावीवाल्याने दार उघडण्याआधी तुमचे ओळखपत्र मागितले, तर रागावू नका. तो आपले काम नीट शिकला आहे, एवढाच त्याचा अर्थ.

जोखीम आहे का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे: चावी ज्याच्या हाती द्यायची त्याच्या पाठीशी कोणीतरी उभे असेल, तर ती पेलता येते. ते कोणीतरी आपण व्हावे, एवढीच विनंती. या मुलांची प्रार्थनेत आठवण ठेवा.