ध्रुवता व कला, ध्वनिसंदेशातील

विद्युत् ध्वनिसंदेशाच्या धन व ऋण बाजूंचा ध्वनिक्षेपकाच्या पडद्याच्या पुढील व मागील हालचालींशी जो संबंध असतो, त्यास ध्रुवता म्हणतात. कला म्हणजे विशिष्ट कंप्रतेच्या (दर सेकंदास होणाऱ्या कंपनसंख्येच्या) तरंगाची आवर्तनातील स्थिती होय. ती अंशांत मोजतात व पूर्ण आवर्तन 360° असते. घरगुती ध्वनियंत्रणेच्या संदर्भात या दोन संज्ञा पुष्कळदा समानार्थी वापरल्या जातात. तथापि त्यांत महत्त्वाचा भेद आहे.

ध्वनिक्षेपकाच्या दोन तारांची अदलाबदल केल्यास ध्रुवता उलट होते, म्हणजे सर्व कंप्रतांचे तरंग एकदमच उलटतात. त्यात कालविलंब नसतो. विलंबामुळे पडणारा कलाभेद मात्र कंप्रतेनुसार बदलतो. उदा., 1 मिलिसेकंद विलंबामुळे (एवढ्या वेळात ध्वनी हवेतून सु. 34 सेंमी. जातो) 250 हर्ट्‌झला 90°, 500 हर्ट्‌झला 180° व 1,000 हर्ट्‌झला 360° कलाभेद पडतो. म्हणून उलट जोडणीचा दोष ध्वनिक्षेपक पुढेमागे सरकवून दूर होत नाही.

स्टिरिओ यंत्रणेत एकच ध्वनिक्षेपक उलट जोडला गेल्यास एकाचा पडदा पुढे येताना दुसऱ्याचा मागे जातो. 100 हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी सु. 3.4 मी. असते. दोन ध्वनिक्षेपकांतील अंतर त्याहून कमी असल्यास त्यांचे असे तरंग श्रोत्यापाशी परस्परांना बऱ्याच अंशी नाहीसे करतात. परिणामी तबल्याच्या चाटीचा आवाज स्पष्ट येतो. पण डग्ग्याची घुमक हरवते आणि मध्यभागी भासावयास हवा तो गायकाचा आवाज दिशाहीन वाटतो. हा दोष ध्वनिमुद्रणाचा वा यंत्राचा समजला जाण्याचा संभव असतो. दोन्ही ध्वनिक्षेपक उलट जोडल्यास मात्र त्यांचा परस्परसंबंध कायम राहतो व बहुतेकांना फरक जाणवत नाही.

परीक्षेसाठी दोन्ही ध्वनिक्षेपकांना एकच संदेश देऊन ऐकावे. नंतर विवर्धक बंद करून एकाच ध्वनिक्षेपकाच्या तारा बदलाव्यात व पुन्हा ऐकावे. ज्या जोडणीत खर्ज भरीव व आवाज मध्यभागी येतो, ती योग्य होय. पेटीच्या आतील जोडणी मात्र बदलू नये. काही विभाजक मंडलांमुळे वूफर व ट्वीटर यांच्या संदेशांत 180° कलाभेद पडतो. तो भरून काढण्यासाठी निर्मात्याने ट्वीटर हेतुतः उलट जोडलेला असू शकतो.