आपोआप विझणारा दिवा

माणसं ओसरीवर गप्पा मारतात, अन् स्वैपाकघरात दिवा उगाच जळतो. घरोघरी असंच चालतं, नाही का?

आता आपोआप लागणारे-विझणारे दिवे मिळतात. त्यांत बारीकसा डोळा असतो. अंगाची ऊब हलली की त्याला कळते. माणूस आत आला, दिवा लागला. माणूस गेला, की थोड्या वेळानं विझला. पण डाळ शिजायची वाट बघत कुणी स्तब्ध बसलं, तर डोळा फसतो. अंधार होतो! म्हणून चुलीजवळचा दिवा बटणाचाच बरा.

जुना ६० वॅटचा बल्ब रोज ५ तास जळला, तर सव्वातीन दिवसांत एक युनिट संपतं. ९ वॅटच्या एलईडीला तेवढंच बावीस दिवस पुरतं. दिवा मंद केला तर आणखी बचत. मात्र प्रत्येक एलईडी मंद होत नाही. खोक्यावर छापलेलं असतं. घेताना स्वतः वाचा.