पेठेचे दुखणे आराखड्यात मांडा

वाचकहो, आरोग्याच्या सदरात 'विकास आराखडा' हा शब्द पाहून काहींना वाटेल, छापताना पाने बदलली. तसे काही झालेले नाही. आराखडा म्हटले की आपल्याला बिल्डर, एफएसआय, रस्तारुंदी आणि जागेचे भाव आठवतात. परंतु मंगळवार पेठेत इतकी वर्षे दवाखाना चालविल्यावर माझी खात्री झाली आहे की, पुष्कळशा दुखण्यांचे मूळ रुग्णाच्या शरीरात कमी आणि त्याच्या गल्लीत जास्त असते. माणसाला मी गोळी देऊ शकतो. गल्लीचे औषध माझ्या कपाटात नाही. ते विकास आराखड्यात असते आणि तो तयार होताना आपले म्हणणे मांडण्याचा हक्क कायद्याने तुम्हाआम्हाला दिलेला आहे. आज त्या हक्काविषयी.

आराखडा म्हणजे काय?

'महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६' या कायद्यानुसार प्रत्येक महापालिकेने शहराचा विकास आराखडा करायचा असतो आणि वीस वर्षांतून एकदा तरी त्याची सुधारणा करायची असते. कुठे राहायचे, कुठे कारखाना, कुठून रस्ता, कुठे शाळा, दवाखाना, बाग, मैदान, मंडई, हे सारे त्यात ठरते. सार्वजनिक कामासाठी राखलेल्या जागेला 'आरक्षण' म्हणतात. आज जन्मलेले मूल मतदार होईपर्यंत कुठे खेळणार आणि त्याची आजी कुठे फिरायला जाणार, याचा निर्णय त्या रंगीत कागदावर होतो.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची, महापालिका १९७२ सालची. २०११ च्या जनगणनेत महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ५,४९,२३६ होती आणि क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. म्हणजे एका चौरस किलोमीटरला सरासरी आठ हजारांवर माणसे! जुन्या पेठांतली दाटी सरासरीहून अधिक, हे सांगायला जनगणना नको. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी असे म्हटले आहे. आपल्या गल्लीतील माणसे मोजा, जवळची मोकळी जागा मोजा आणि भागाकार तुम्हीच करा.

नगररचनेचा जन्म रोगातून

नगररचना आणि वैद्यक यांचे नाते जुने आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. कोंदट चाळी, उघडी गटारे आणि उंदीर यांनी हाहाकार उडविला आणि १८९८ मध्ये शहर सुधारण्यासाठी 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट' स्थापन झाला. प्लेग कोल्हापुरातही आला. राजर्षी शाहू महाराजांनी लोकांना गावाबाहेर मोकळ्या हवेत झोपड्यांतून राहायला नेले. दाटी कमी करणे हाही उपचार आहे, हे त्या काळी ओळखले गेले होते.

पुढे १९१५ मध्ये मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा झाला. त्याच सुमारास पॅट्रिक गेडिस हे स्कॉटिश विचारवंत हिंदुस्थानात आले होते. मूळचे जीवशास्त्राचे अभ्यासक असल्याने त्यांचे बोलणे आम्हा डॉक्टरांना जवळचे वाटते. आधी निदान, मग उपचार, असे त्यांचे सूत्र होते. गल्लीबोळांतून स्वतः पायी हिंडावे, लोक कसे राहतात ते पाहावे आणि सरसकट पाडापाडी न करता अगदी गरज असेल तेवढीच शस्त्रक्रिया करावी, असे ते सांगत.

आता निदान करायचे तर रुग्णाने बोलले पाहिजे. रुग्ण गप्प बसला तर डॉक्टर अंदाजाने औषध देतो. आराखड्याचेही तसेच आहे.

पेठेच्या चार तक्रारी

मागे एकदा आमच्या भागातील काही मंडळींना मी तालमीच्या खोलीत बोलावले. कट्ट्यावरचे म्हातारे होते, महिला मंडळाच्या बायका होत्या, फुटबॉल खेळणारी पोरे होती. प्रश्न एकच विचारला, "तुमच्या तब्येतीला त्रास देणारी गल्लीतली एक गोष्ट सांगा." त्यातून चार गोष्टी पुढे आल्या.

पहिली, पाणी. अरुंद बोळात पिण्याच्या पाण्याची नळी आणि गटार अगदी शेजारी असतात. पाणी ठरावीक वेळच येते. ते बंद झाले की नळीतील दाब उतरतो आणि कुठे फट असेल तर आजूबाजूची घाण आत ओढली जाते. दुसऱ्या दिवशी पहिली घागर त्या घाणीसह घरात येते. 'अ' आणि 'ई' प्रकारची कावीळ, टायफॉइड, जुलाब हे सारे या वाटेने येतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची जी साथ आली, तिने हजारो लोकांना अंथरुणाला खिळविले होते. जलवाहिनी आणि ड्रेनेज यांना पुरेशी, वेगवेगळी जागा ठेवणे हे नियोजनाचे काम आहे. पाणी उकळणे हा आपला तात्पुरता इलाज.

दुसरी, डास. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळा, पिंप-बॅरल घासून पालथे घाला, असे मी सांगतो. पण पावसाचे पाणी जिथे मुळातच साठते तिथे काय करायचे? आपले जुने कोल्हापूर तळ्यांचे गाव होते. कपिलतीर्थावर मंडई झाली, वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वराच्या तळ्याच्या जागी शाहू स्टेडियम उभे राहिले. तळी बुजली तरी जमिनीचा उतार बदलत नाही. पाणी आपल्या जुन्या घराकडेच धावते. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी पाण्याची वाट अडविली की काय होते ते सगळ्या शहराला दाखविले. ओढे-नाले नकाशावर रुंदीसह दाखविले आहेत का, हे पाहणे म्हणूनच आरोग्याचे काम आहे.

तिसरी, चालणे. मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना मी चालायला सांगतो. मोठ्या माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे जरा भरभर चालावे आणि मुलांनी रोज तासभर तरी हुंदडावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. त्या बैठकीत सत्तरीच्या एक आजी मला म्हणाल्या, "चाला चाला म्हणतासा डॉक्टर, पर चालायचं कुठनं? गटारीवरनं का गाड्यांमधनं?" माझ्याकडे उत्तर नव्हते. शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधले, पेठेपेठेत तालमी होत्या. त्या आपल्या पहिल्या आरोग्य संस्थाच. पण त्या पुरुषांच्या. मुलींनी खेळायचे कुठे, गुडघे दुखणाऱ्या बाईने सपाट जमिनीवर चार पावले टाकायची कुठे, बाजाराला गेलेल्या बाईला स्वच्छ शौचालय मिळणार कुठे, याचा विचार आता तरी व्हायला हवा. तासन्तास लघवी रोखून धरल्याने मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो, हे बायका लाजेपोटी सांगत नाहीत.

चौथी, वेळ. एका तरुणाने सांगितले, "आमच्या बोळात रिक्षा येत न्हाई, अँब्युलन्स कुठली यायला?" हृदयविकार, पक्षाघात, अडलेले बाळंतपण आणि आग यांना थांबायला वेळ नसतो. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री खासबागेजवळचे केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळाले, तेव्हा साऱ्या शहराच्या डोळ्यांत पाणी आले. त्या निमित्ताने प्रत्येकाने आपल्या घरापर्यंत बंब येऊ शकेल का, हे पाहून ठेवावे.

हिताला हित आडवे येते

हे सारे गोडीगुलाबीने झाले असे मात्र समजू नका. रस्ता रुंद करा म्हटल्यावर कोपऱ्यावरचे घरमालक उठून उभे राहिले. त्यांची दोन खोल्यांची जागा, त्यातली एक जाणार! पोरांना मैदान हवे होते, गाडीवाल्यांना त्याच जागी पार्किंग. बाग झाली की रात्री टवाळखोर बसतात, असे काही बायकांचे म्हणणे. यात खोटे कुणीच बोलत नव्हते.

शेवटी एका निवृत्त शिक्षकांनी तोड सुचविली. सगळा बोळ रुंद करण्याऐवजी वळणावरचा कोपरा तेवढा छाटावा, बोळाच्या तोंडाशी गाड्या लावायला मनाई करावी आणि स्ट्रेचर हाताने नेण्याची वाट मोकळी ठेवावी. घर वाचले, रुग्णही वाचेल. नकाशा काढणाऱ्याला दुरून हा कोपरा दिसला नसता. तिथे राहणाऱ्यालाच तो दिसतो.

बोलायचे केव्हा आणि कसे?

आराखडा सुधारण्याचा इरादा महापालिका प्रथम जाहीर करते. मग जमिनीच्या सध्याच्या वापराचा नकाशा तयार होतो. त्यानंतर प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो. त्याची सूचना शासन राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत येते, नकाशे पाहण्यासाठी ठेवले जातात आणि ठरावीक मुदतीत लेखी हरकती व सूचना मागविल्या जातात. ही मुदत काही आठवड्यांचीच असते. जाहिरात बारीक अक्षरांत असते आणि आपण तेवढे पान उलटून पुढे जातो! पुढे नियोजन समिती सुनावणी घेते. या समितीत स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार असावेत, अशी कायद्यात तरतूद आहे. समितीच्या अहवालानंतर आराखडा मंजुरीसाठी शासनाकडे जातो.

आपल्या सांगण्याने काय होणार, असे मला नेहमी विचारले जाते. उत्तर मुंबईत आहे. फेब्रुवारी २०१५ मध्ये मुंबईचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातील चुका नागरिकांनी नकाशे घेऊन शोधून काढल्या. साठ हजारांहून अधिक हरकती व सूचना आल्या. एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो आराखडा नव्याने करण्याचा आदेश दिला, २०१६ मध्ये सुधारित मसुदा आला आणि २०१८ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. आपणही काही कमी नाही. टोल घालविणारे कोल्हापूर हेच, आणि २०२२ मध्ये पेठेतल्या जयप्रभा स्टुडिओसाठी आंदोलन झाले तेही इथेच. मोर्चाला जितकी माणसे निघतात त्यातली थोडी जरी नकाशा पाहायला गेली तरी पुष्कळ होईल.

हरकत लिहिताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

१. एका अर्जात एकच मुद्दा लिहा. पाने भरली की मुद्दा हरवतो.

२. जागा नेमकी सांगा. गल्ली, खूण, सिटी सर्व्हे नंबर आणि आरक्षण क्रमांक माहीत असल्यास तोही द्या.

३. त्रास मोजून सांगा. 'फार डास आहेत' याऐवजी 'या पावसाळ्यात आमच्या वीस घरांपैकी इतक्या घरांत डेंग्यू झाला' असे लिहा. मात्र रुग्णांची नावे देऊ नका.

४. नुसता विरोध नको, उपायही सुचवा.

५. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या आणि सुनावणीला स्वतः हजर राहा.

नमुन्यादाखल मजकूर असा असू शकेल: 'मा. आयुक्त यांस, आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या मोकळ्या जागेशिवाय चारशे पावलांत दुसरी मोकळी जागा नाही. येथे सकाळी वृद्ध चालतात व सायंकाळी मुले खेळतात. सदर जागा मैदान म्हणूनच राखावी व भोवती चालण्यासाठी सपाट वाट करावी, ही विनंती. सुनावणीची संधी मिळावी.' एवढे पुरे. वकिलाची भाषा लागत नाही.

औषध मिळाले, पण घेतले का?

आणखी एक सूचना. आरक्षण नकाशावर आले म्हणजे बाग झाली असे नव्हे. आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे जागामालक नोटीस देऊ शकतो आणि त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. मालकाच्या बाजूने पाहिले तर हे न्यायाचेच आहे. त्याने जागा किती काळ अडकवून ठेवायची? पण म्हणूनच आपल्या भागातील आरक्षणांची यादी तालमीत, मंडळात फळ्यावर लावावी आणि दरवर्षी नगरसेवकांना त्याविषयी विचारावे. चिठ्ठी लिहून घेतली आणि औषधच आणले नाही, तर ताप कसा उतरणार?

तेव्हा या रविवारी एवढेच करा. घरातील एक वृद्ध, एक बाई आणि एक मूल यांना बरोबर घेऊन आपल्या गल्लीतून एक फेरी मारा. पाणी कुठे साठते, पाय कुठे अडखळतो, अँब्युलन्स कुठे अडेल, सावलीत बसायला जागा कुठे आहे, हे वहीत टिपून ठेवा. वही जपून ठेवा. आराखड्यावर हरकती मागविल्याची जाहिरात या वर्तमानपत्रात येईल, त्या दिवशी ती कामाला येईल.